एकच चमचा

...हसा, हसा! तुमचं काय जातंय! ज्याचं जळतं त्यालाच कळतं. आणि माझं तर, तुम्हाला सांगतो, कानाच्या पाळीपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत जळत होतं, चेहऱ्यावर मुंग्या, टाळूवर मुंग्या, बोटांच्या पेरांत मुंग्या, आणि हे सगळं कशानं? दारूनं? शिवत नाही. तंबाखूनं? वासही नको. एका पावडरीनं! आणि ती तरी किती? एकच चमचा! देवाशपथ सांगतो, एकच चमचा!

आता तुम्ही म्हणाल, अहो, तुम्ही दाढी-कटिंगचं दुकान चालवणारे, तुमचं पोट तुमच्या आधी गिऱ्हाइकाला टेकतं, तुम्हाला ही ताकदीची पावडर सुचली कुठून? मला नाही सुचली हो! ती वरून आली. माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर जिम उघडली ना! दिवसभर डोक्यावर धाड... धाड... कोणीतरी लोखंड आपटतंय, माझे आरसे हलतायत, आरशातली गिऱ्हाइकं हलतायत, आणि मी कानामागे कात्री धरून उभा! तक्रार करायला वर गेलो तर समोर त्यांचा मास्तर. त्याला सगळे डंबेल म्हणतात. मान नाहीच बिचाऱ्याला, डोकं थेट खांद्यांवर ठेवलंय, मानेवरचे केस कापायचे तर आधी मान शोधावी लागते. तो मला म्हणतो, "काका, तक्रार कसली करताय, तुम्हीच या की रोज!" काका! बरं, तो म्हणाला ते म्हणाला, घरी येऊन हे बायकोला सांगितलं तर ती माझ्या पोटाकडे बघून म्हणते, "जा की, काका!" आता मला सांगा, ज्याची लग्नाची बायको त्याला काका म्हणते, त्यानं जायचं कुठं? वरच ना?

गेलो. पहिल्या दिवशी वजन उचललं, दुसऱ्या दिवशी कंगवा उचलेना. डंबेल म्हणाला, "काका, तुमच्यात एनर्जीच नाही. हा घ्या डबा. व्यायामाआधी एक चमचा पाण्यातून मारायचा, की तुम्ही सुटलातच!" काळा डबा, त्यावर नाकातून वाफा सोडणारा बैल. खाली इतकी बारीक अक्षरं, इतकी बारीक, की वाचायला चष्म्यावर चष्मा लावावा लागेल. मी विचारलं, "यात असतं तरी काय?" तर म्हणाला, "ताकद असते, काका!" म्हटलं, "ते कळलं रे, पण ताकद म्हणजे काय?" तर दंड फुगवून म्हणतो, "मी रोज घेतो. माझ्याकडे बघा!" बघितलं. पटलं. इथंच घात झाला.

रविवारी सकाळी दुकान उघडलं, म्हटलं गिऱ्हाईक येण्याआधी वर जाऊन यावं. डबा उघडला, तर आत चमचाच नाही! वरून बघितलं, डबा हलवून बघितला, नाही म्हणजे नाही. म्हटलं, विसरले असतील भरणारे. काही अडतं का आपलं? दुकानात चहाचं सामान आहे, साखरेच्या डब्यात बायकोनं घरून दिलेला चमचा आहे, चांगला खोलगट. तोच घेतला. आणि आमच्या घरची रीत तुम्हाला माहीत नाही. सपाट चमचा म्हणजे कंजूषपणा! आमच्याकडे काहीही घ्यायचं ते शिगोशीग. तशीच शीग लावली, पाण्यात ढवळली, डोळे मिटले आणि घटाघटा... एकच चमचा हो!

ग्लास खाली ठेवतोय तोच दारात डॉक्टर.

हे डॉक्टर म्हणजे माझं जुनं गिऱ्हाईक. हृदयाचे डॉक्टर. आठवडाभर लोकांच्या छात्या उघडायच्या आणि रविवारी सकाळी माझ्या खुर्चीत येऊन झोपायचं. खरंच झोपायचं! फेस लावला की यांचं घोरणं सुरू. आमचे वडील सांगायचे, "अरे, आपलं दुकान वस्तऱ्यावर नाही चालत, गिऱ्हाइकाच्या झोपेवर चालतं. गळ्याशी पातं असताना माणूस झोपतो, म्हणजे काय रे? बाकी काहीही थरथरू दे, हात थरथरला की दुकानाला कुलूप." मग अशा गिऱ्हाइकाला मी कसं सांगू, की थांबा डॉक्टर, मी जरा वर बैल होऊन येतो?

बसवलं. फेस लावला. डावा गाल झाला, एकदम लोण्यासारखा. मग हनुवटी वर केली, गळ्याला वस्तरा लावला, आणि तुम्हाला सांगतो... कानांत कोणीतरी शिट्टी वाजवली. तोंडावर मुंग्या. घाम. छातीत धडधड, धडधड, मला वाटलं वरच्या मजल्यावर लोखंड आपटतायत, वर कान दिला, तर वर सगळं शांत! मग आवाज कुठून येतोय? माझ्यातून येतोय! आणि तेवढ्यात मी माझा हात बघितला.

थरथरत होता.

मंडळी, मी घाबरलो. उगाच शूरपणाचा आव कशाला आणू? हा हात आमच्या लग्नात थरथरला नव्हता, वडिलांना खांदा देताना थरथरला नव्हता. आणि आता पात्याखाली डॉक्टरचा गळा, आणि माझा हात माझं ऐकत नाही! हळूच वस्तरा मागे घेतला. डॉक्टर डोळे न उघडता म्हणतात, "का हो, थांबलात?" मी म्हटलं, "काही नाही, धार बघतोय." आता बोलावं, तर गावभर होणार की याचा हात गेला. न बोलावं, तर इथंच पडणार. मग मी काय केलं? सगळे करतात तेच.

"डॉक्टर," म्हटलं, "माझा एक मित्र आहे..."

"हं."

"त्यानं ती व्यायामाची पावडर घेतली. एकच चमचा. तर त्याला जरा धडधडतंय."

डॉक्टर डोळे मिटूनच बोलायला लागले, शांत, संथ, जणू अंगाईच म्हणतायत! "कसं असतं," म्हणाले, "त्यातल्या काही पावडरींत उत्तेजक असतं. कधी डब्यावर लिहितात, कधी लिहीतही नाहीत. रक्तवाहिन्या आवळतात, रक्तदाब चढतो, हृदय पळत सुटतं. तरण्याताठ्यालाही झेपत नाही कधीकधी. पळता पळता ठोका चुकला ना..." आणि थांबले.

"चुकला तर?"

"माझ्याकडे आणला होता एकाला. जिममधूनच."

"मग?"

"मग काय," म्हणाले, आणि पुढे बोललेच नाहीत! अहो, माणसानं वाक्य तरी पुरं करावं! माझ्या डोळ्यांपुढे माझी मुलगी उभी राहिली. तिला उद्या कोणी विचारलं, वडील कशानं गेले गं, तर काय सांगेल पोरगी? बैलाच्या डब्यानं?

तेवढ्यात डॉक्टरांनी डोळे उघडले. आरशात बघितलं. मी घामानं निथळतोय, डोळे बटाट्याएवढे.

"तो मित्र," ते अगदी हळू म्हणाले, "आत्ता कुठाय?"

"तुमच्या मागे उभा आहे."

"त्याच्या हातात काय आहे?"

"वस्तरा."

"तो," म्हणाले, "आधी खाली ठेवायला सांगा."

ठेवला. मग त्यांनी मला धरून माझ्याच खुर्चीत बसवलं. इतकी वर्षं त्या खुर्चीमागे उभा राहिलो, बसलो कधी नव्हतो. समोर आरशात एक पांढराफटक माणूस, आणि त्याच्या मागे अर्ध्या दाढीचा डॉक्टर त्याची नाडी धरून उभा. नाडी मोजता मोजता डॉक्टरांच्या कपाळावर आठी आली. म्हणाले, "उठू नका. गाडी इथं दारात आणतो."

हॉस्पिटलात शिरलो तर दारातली बाई डॉक्टरांनाच पेशंट समजली, एका गालावर फेस होता ना! मला आडवं केलं, छातीला तारा लावायला घेतल्या, तर चिकटेनात. केस आडवे येतायत! मग आला एकजण, फेकायचं दीडदमडीचं रेझर घेऊन, आणि कोरड्या छातीवर, पाणी नाही, साबण नाही, उलट्या केसांनी खर्रर्र! अहो, मी मरत होतो हो, खरंच मरत होतो, पण राहवेना. म्हटलं, "दादा, कातडी ताणून धरा!" तर म्हणतो, "गप पडा, आजोबा." सकाळी काका होतो मी. सकाळी!

डॉक्टरांनी घरी फोन केला, बायको आली. तिच्यामागे डंबेल, तोंड एवढंसं झालेलं, हातात माझ्या दुकानातून उचललेला तोच डबा. बायको माझा पाय घट्ट धरून उभी राहिली. डॉक्टरांनी विचारलं, "किती घेतलं?" मी म्हटलं, "एकच चमचा!" डंबेल म्हणाला, "कुठला चमचा?" बायकोच्या लगेच लक्षात आलं. "साखरेचा? तो माझा खोलगट?" डंबेलनं डब्यात कोपरापर्यंत हात घातला, तळ ढवळला आणि पावडरीत गाडला गेलेला एक चमचा वर काढला. केवढा? अहो, बाहुलीला औषध पाजायचा केवढा असतो, तेवढा! आतच होता मेला! डॉक्टर म्हणाले, "तुम्ही चमचा नाही, आठवडा प्यायलात."

मग डंबेल तसाच उभा. तारांच्या मशीनमधून निघालेल्या कागदावरच्या माझ्या उड्या मारणाऱ्या रेषेकडे बघत. आणि बारीक आवाजात म्हणाला, "सर, मी रोज घेतो. कधी दोनदा पण घेतो. माझं पण बघता का?" त्याला झोपवलं. तारा लावल्या. कागद बाहेर आला. डॉक्टरांनी बघितला, उजेडात धरला, पुन्हा बघितला. आणि म्हणाले, "याला सोडू नका." बस्स. तेवढंच.

शेजारच्याच खाटेवर होता. हा एवढा दगड माणूस, त्यानं मधल्या फटीतून हात पुढे केला आणि माझा हात घट्ट धरला. म्हणाला, "काका, मला भीती वाटतेय." मी म्हटलं, "काकाला पण."

वाचलो. दोघंही वाचलो. मला लवकर सोडलं, त्याला बरेच दिवस ठेवलं. आता त्याला वजन उचलायची बंदी आहे, दुपारी माझ्या बाकावर येऊन बसतो, पेपर वाचतो, आणि वर धाड झालं की दोघंही आपापली छाती चाचपतो. हात? हात ठणठणीत आहे हो, हे बघा, काडी हलत नाही! पण सांगणार कुणाला? डॉक्टर अजून येतात, पण आधी माझी नाडी बघतात, मग फेस लावू देतात, आणि झोपत नाहीत. सगळी दाढी डोळे टक्क उघडे! आणि त्यांचं बघून बाकीचेही शिकले. पूर्वी गिऱ्हाईक बसलं की मी विचारायचो, "काय करायचंय?" आता गिऱ्हाईक मला विचारतं, "काय घेतलंय?" मी म्हणतो, "अहो, चहा घेतलाय फक्त. साखर एकच चमचा."

तर म्हणतात, "चमचा दाखवा!"