घाम न येणारे हात

आमी मूळचे लातूरकडचे. लग्न होऊन काळेवाडीत आले तेव्हा लोखंड म्हणजे विळी आणि तवा एवढंच मला ठाऊक, आणि आता बघा, माझ्या हातून गेलेलं लोखंड अमेरिकेच्या रस्त्यांवर फिरतंय, मी मात्र चाकणच्या पुढं कुठं गेले नाही.

नोकरी कशी लागली सांगू का, हाताला घाम येत नाही म्हणून लागली. खरंच सांगते. आमच्या चाकणच्या कंपनीत गाडीच्या स्टेअरिंगखाली बसणारा एक भाग होतो, आरशासारखा गुळगुळीत, त्याला घामाचं बोट लागलं की गंजाचा तांबूस ठसा उठतो. मग साहेबांनी आम्हा बायकांच्या हातात एकेक तुकडा दिला, म्हणाले उघड्या हातानं धरा आणि उद्या या. दुसऱ्या दिवशी ज्यांचे ठसे उठले त्या बिचाऱ्या परत गेल्या, माझा आणि मंगलचा तुकडा लखलखीत. मंगल जुन्नरची, तोंडाची फटकळ. म्हणाली, बाई, आपण काय आटलेल्या विहिरी हाय का गं. तेव्हापासून आमी दोघी शेजारी, अमेरिकेच्या मालाच्या पॅकिंगला. पुसायचं, तेल लावायचं, पिवळ्या कागदात गुंडाळायचं, खोक्यात भरायचं.

मग काय सांगू तुम्हाला, टीव्हीवर सुरू झालं, अमेरिकेनं आपल्या मालावर कर वाढवला, दोन्ही देशांची बोलणी चालू आहेत. सुपरवायझर म्हणाले, ताई, तिकडच्या पार्टीनं माल थांबवलाय, बोलणी जमली की कंटेनर लागेल, आणि माल गेला तर तुम्ही दोघी राहाल, नाहीतर कंत्राट संपलं. खोकी भिंतीला उभी राहिली. हवा दमट, लोखंड किती दिवस गप्प बसणार, म्हणून आमीच ती उघडायची, परत पुसायचं, परत तेल, परत नवा कागद. मीच घातलेली घडी मीच उलगडायची. मंगल म्हणायची, ही काय सोयरीक हाय का, नुसत्या बैठका. सुपरवायझर हसायचे, ताई, पोरगी पसंत आहे, मानपान ठरंना. मला हसू यायचं नाही, वाईटही वाटायचं नाही. खोकं उघडलं म्हणजे आजचं काम आहे, एवढंच.

आमचे हे रिक्षा चालवतात. घरी आले की बातम्या लावायचे, हाक मारायचे, अगं ये, तुझं बोलतायत. मी बघायचे तर कोट घातलेली दोन माणसं हात मिळवून हसतायत. मी त्यांच्या हातांकडंच बघायचे. त्या दोघांना येत असंल का घाम. सकाळी कामाला जावं तर खोकी तिथंच.

मागच्या महिन्यात सुपरवायझर म्हणाले, ताई, आता उघडू नका. म्हटलं, लागला का कंटेनर. खाली बघून म्हणाले, पार्टीनं ऑर्डर काढून घेतली, फडकी टेबलावर ठेवा. मंगलनं आपल्या फडक्याची घडी घातली. बसमध्ये आमी दोघी मांडीवर हात ठेवून बसलो.

आता घरीच असते. काम मागायला गेले तर विचारतात, काय येतं. काय सांगायचं, हाताला घाम येत नाही म्हणून? बोलणी अजून चालू आहेत म्हणतात. जमू दे बाबा त्यांचं, कुणाचं तरी भलं होऊ दे. मी आपली संध्याकाळी विळी धुते, पुसते, पातं उघड्या हातानं धरून बघते थोडा वेळ, आणि सकाळी उठून बघते. ठसा नसतो.