एकट्याची आरामशीन

लाखनीच्या सरकारी दवाखान्यात रांगेत माझ्यापुढं तुलाराम बसला होता, उजव्या पायाला पंचा गुंडाळून. शेजारी त्याची बायको धुरपता. बाकावरच्या म्हाताऱ्यानं विचारलं,

"काय पडलं जी पायावर?"

"लाकडाचा लठ्ठा, बाबा. घरीच लाकडं चिराची आरामशीन आहे. गावात विजेची लाईन आली तवापासून एकट्यानंच चालवतो. येवढाले बाभळीचे लठ्ठे, पण कोणाले हाक मारली नाई."

"एकट्यानं?" धुरपता म्हणाली. "लोखंडी सब्बलीनं लठ्ठा उचलून फळीवर चढवता, तवा मागं दगड कोण लावते?"

"दगड सरकवणं काय काम झालं वं?"

"सब्बल काढली का लठ्ठा मागं येते. दगड नसला त तुमच्याच अंगावर येते. चुलीवरचा भात करपला तरी मी धावत येते. बोटं चिरडली तरी दगड सोडत नाई!"

"लोकायसमोर बोंबलू नको."

"लोकायलेच सांगून राहिले ना तुमी, एकटाच, एकटाच! एक दिवस कारध्याले भावाकडं गेली, त पाय चेंदून घेतला!"

"तू घरी नाई हे ध्यानातच नाई आलं. सब्बल काढली अन् म्हटलं, लाव."

"कोणाले म्हटलं?"

तुलाराम पंचा आवळत बसला. कंपाउंडर दारात आला.

"तुलाराम कोण? लठ्ठा पडला तेव्हा सोबत कोण होतं?"

"कोणी नाई साहेब. मी एकटाच होतो."

"लिहून घ्या साहेब," धुरपता म्हणाली. "आज पहिल्यांदा खरं बोलले."