खड्ड्याच्या काठची फरशी

— सांगते रे, सांगते, घाई काय आहे? आधी बूट काढ. तर, एक होती म्हातारी. म्हातारीला होता एक मुलगा, मुलाला होती एक बायको, दोघांना होती दोन पोरं, थोरली चिमणी आणि धाकटा बेडूक — आणि घरामागे होता एक खड्डा. हसतोस काय? खड्डाच तो. आतून निळ्या टाइल लावल्या, शिडी लावली, कोपऱ्यात दिवा बसवला म्हणून काय पोहायचा तलाव होतो? पाणी नाही तोवर खड्डा. आणि पाणी कधी सोडायचं? तर काठाला फरशी बसली की. आणि फरशी कधी बसायची? तर म्हातारीला पसंत पडली की! बघ, अख्ख्या घरादाराचं घोडं कुठे येऊन अडलं. जन्मात तिला कुणी विचारलं नव्हतं, की बाई, तुला काय आवडतं? नवरा बिचारा चांगला होता, पण विचारायची त्याला सवय नव्हती. सासू — तिचं नाव नको, चहा नासायचा. आणि अशा म्हातारीला एका रविवारी परगावाहून मुलाचा फोन, की आई, काठाची फरशी तेवढी तू निवड, माणूस नमुने घेऊन येईल, तुझ्या पायांना बरी वाटेल ती घे. तो माणूस म्हणजे तू. आलास दगडांनी भरलेली गाडी घेऊन. आणि येतोच आहेस.

मोजेही काढ. — अरे वा, नवे मोजे! मागच्या खेपेला अंगठा बाहेर डोकावत होता, बिळातल्या उंदरासारखा. म्हणजे घरून निघतानाच ठाऊक होतं तुला, की ही म्हातारी बूट उतरवल्याशिवाय सोडायची नाही. शहाणा आहेस. दुकानात बाकीचे असे नसतील. ते म्हणतील, आजीबाई, हे चित्र बघा, हा रंग बघा, इथे अंगठा उमटवा. फरशी काय डोळ्यांनी बघायची वस्तू आहे? डोळ्यांनी लग्नाची मुलगीसुद्धा कळत नाही. ती नमुन्याची फरशी मांड खाली, उन्हात — हां, अशी — थांब, पाणी ओतते. आता चाल. पाय ओले कर आणि चाल, मी डोळे मिटते.

... अंहं, तसं नाही, चोरासारखं नको. घरातल्या माणसासारखं चाल.

... हं. ही बोलते. ऐकलंस? चप, चप, चप. आतापर्यंतच्या सगळ्यांत ही चांगली बोलते. ती खिडकी दिसते ना, जाळीची, ती माझी खोली. दुपारी मी तिथे पडलेली असते, म्हणजे झोप लागत नाही पण पडलेली असते, आणि तिथपर्यंत ऐकू आलं पाहिजे, मग फरशी खरी. तुला कसं सांगू — माझा मुलगा लहान होता ना, तेव्हा मागे इथेच सिमेंटची टाकी होती, कमरेएवढी, त्यात डुंबायचा. भूक लागली की तसाच ओला स्वयंपाकघरात. माझी पाठ दाराकडे, हात पिठात — पण पावलं ऐकली की मला कळायचं, हा खुशीत आहे, का कुणाशी भांडून आलाय, का गुडघा फुटलाय. रडायच्या आधी कळायचं. मग तो मोठा झाला, पायांत बूट आले. बुटांचा आवाज काय, सगळ्यांचा सारखाच. पोस्टमन आला काय आणि मुलगा आला काय.

चहा ठेवते. घड्याळ बघू नकोस, मला दिसतं. चहाला तुझ्या मालकाचं काय जातं? तुझ्यामुळे दुसरा कप तरी फडताळातून बाहेर आला. त्याला आत बसून बसून वास लागला होता, खरंच सांगते, कपालाही लागतो.

काय म्हणालास? — शेवटचा? हा शेवटचा नमुना? असं कसं, जगातले दगड संपले का? तो काळा आणला होतास, चकचकीत — बरं, तो नको म्हटलं मी, हो. त्यात माझंच तोंड दिसत होतं. माझं तोंड बघायला घरात आरसा आहे आणि त्याच्याकडेही मी फारशी जात नाही. आणि उन्हात असा तापला की तुझे पाय नाचायला लागले! दोघं किती हसलो त्या दिवशी. मग ती टाइल, लाकडासारखी दिसणारी. मातीची ती माती, आणि सोंग लाकडाचं. हात लावला तर थंडगार. मला सोंग आवडत नाही, माणसाचंही नाही आणि फरशीचंही नाही. गोल गोटे बसवलेली ती लादी — ती टोचत होती, तूच म्हणालास टोचते, आता फिरू नकोस. पांढऱ्याने डोळे दिपले. आणि सिमेंटचे ठोकळे... त्यांना काय नाव ठेवलं होतं मी? हां, की बाजाराला निघाल्यासारखं वाटतं. म्हणजे तूच बघ, मी उगाच नको म्हणत नाही. प्रत्येकाला कारण आहे. — मालक ओरडतो? काय म्हणतो? 'त्या म्हातारीला फरशी घ्यायची आहे की नुसती बघायची आहे?' असं म्हणाला? तोंडावर म्हणाला तुझ्या?

... माणूस हुशार दिसतो तुझा मालक.

नाही, काही नाही. चहा घे. तर ती गोष्ट. खड्डा का खणला, ते राहिलंच. गेल्या सुट्टीत पोरं आली होती. सुट्टीभर राहणार म्हणून मी उशांना नवे अभ्रे शिवले, धाकट्याच्या अभ्र्यावर बेडूकसुद्धा काढला दोऱ्याने — तो आईला म्हणाला, हा बटाटा का काढलाय? — आणि आठवडा पुरा व्हायच्या आत सुनेने बॅगा भरल्या. ती वाईट नाही हो, सून. तिलाही पोरांची भुणभुण सहन होईना. दारात चपला घालताना चिमणी हळूच म्हणाली, आई, पण आजीकडे करायचं काय? मी आत होते, मला ऐकू आलं. ती टोचून नाही बोलली रे. खरंच विचारत होती. मीही कितीदा विचारते स्वतःला, सकाळची भांडी झाली की, इथे करायचं काय? मुलालाही ऐकू गेलं असणार ते. तो गाडीपर्यंत गेला, परत आला, मला म्हणाला, आई, मागे तलाव बांधू, मग बघ, पोरं हलायची नाहीत. असा तो खड्डा. हौस नाही ती. मासे धरायला गळ टाकतात ना, तसा गळ आहे. गळाला आमिष मात्र निळं.

चल, पाणी ओतते अजून. आता एकदा धावून दाखव. हो, धाव! बेडूक कधी चालत नाही, त्याच्या पायांना चालणं ठाऊकच नाही. इकडून तिकडे, काठाकाठाने, तिकडे दुसरी ठेवलीस ना, तिच्यावरून — हां — चपचपचप — अगदी तस्सं —

अरे! अरे धर, तो खांब धर! — देवा. — लागलं? बस, बस खाली, उठू नकोस. कोपर दाखव. सोललंय. हसू नकोस, रक्त आलंय आणि हसतोस. थांब, पदर ओला करते. थोडं अलीकडे पडला असतास तर डोकं त्या कडेवर आलं असतं, कळतंय का तुला? दगडाची कड आहे ती. आणि पुढे खड्डा. तू एवढा बाप्या माणूस, काठावरचा हा खांब हाताला लागला म्हणून वाचलास. बेडकाचा तर हातही खांबाला पुरत नाही. तो तर...

उचल ती. नको मला. किती का गोड वाजेना, उचल, गाडीत टाक, पुन्हा दाखवू नकोस.

... टाकलीस गाडीत? — बरं. मग ऐक. तो राखाडी कुठे गेला? पहिला. पहिल्या दिवशी तू घाबरत घाबरत दार वाजवलंस आणि हातात तो एकच होता, छिन्नीने टाकी मारलेला, खरबरीत. तुला आठवत नसेल, मला आठवतं. आठवणं हा माझा जुना रोग आहे. त्याच्यावर पाय ठेवला आणि वाटलं, मांजराने तळवा चाटला. तापलेला नाही, थंड नाही, आणि पाय धरून ठेवणारा. बाई, हाच, असं मनात आलं. आणि तोंडाने काय म्हटलं? की रंग उदास आहे, घरातलं कुणी गेल्यासारखा. खोटं रे ते सगळं. चांगला होता म्हणूनच नको म्हटलं. पहिल्याच दिवशी पसंत केला असता, तर तू दुसऱ्या दिवशी कशाला आला असतास? तू बसला होतास इथेच, पायरीवर, चहा पीत, आणि तुझ्या आईच्या दम्याचं सांगत होतास — मला किती दिवसांनी कुणी काही सांगत होतं. फोनवर सगळे विचारतात, 'बरी आहेस ना?' सांगत कुणी नाही.

आणि नुसतं तेवढंही नाही. आता तोंड उघडलंच आहे तर सगळंच ऐक. पलीकडची शेजारीण कुंपणावरून विचारते, आली का गं नातवंडं? मी म्हणते, अहो कशी येतील, हौद अर्धवट पडलाय, फरशी व्हायची आहे. छान उत्तर आहे. तीही गप्प बसते, मीही बसते. फरशी नाही तोवर हे उत्तर आहे माझ्याकडे. उद्या फरशी बसली, पाणी भरलं, निळंशार दिसायला लागलं — आणि तरी नाही आली, तर? शेजारणीचं मरू दे. मला मी काय सांगू? भरलेल्या तलावाच्या काठावर एकटं बसण्यापेक्षा खड्डा बरा, नाही का? खड्ड्याकडे बघून निदान म्हणता येतं, होतंय, व्हायचंय.

... असा बघू नकोस माझ्याकडे. मला कीव नको, मला तो राखाडी दगड हवा आहे. आता कुठला मिळायचा म्हणा, कुणाच्या तरी अंगणात बसला असेल. — काय? — गाडीत? कुठल्या गाडीत, या? आण. आण बघू, मी बसलेय.

... अगं बाई. हाच तो. कोपऱ्यावरची ही पांढरी रेघ — हाच. गोणपाटात गुंडाळलाय. गोणपाटावर धूळ बघ केवढी. म्हणजे हा उतरवलाच नाहीस तू? पहिल्या दिवसापासून दर खेपेला गाडीत घालून आणत होतास, परत नेत होतास, आणि एका शब्दाने बोलला नाहीस? एवढे नमुने माझ्यापुढे पसरलेस, पाय भाजून घेतलेस, आज कोपर फोडलंस — आणि हा खाली गोणपाटात! लबाड. मला वाटत होतं मी तुला खेळवतेय. मग मालक ओरडतो ते तरी खरं का? — खरं. बरं, तेवढं तरी खरं.

ठेव इथे. मला हात दे, मीच उभी राहते. पाणी ओत पायावर, भरपूर, लाजू नकोस. ... हं. मुका आहे. एक शब्द बोलत नाही. याच्यावर पोर धावलं तरी खिडकीत काही ऐकू यायचं नाही. — पण थांब. हे बघ. इकडे बघ ना, मी पाय उचलला तिथे. उमटलं पाऊल! पाची बोटं, टाच, वाकडा अंगठासुद्धा. आणि वाळतही नाहीये, खरबरीत ना, पाणी धरून ठेवतोय. म्हणजे पोरं जेवायला आत पळाली, तरी मी मागाहून येऊन बघू शकते, कोण कुठून कुठे गेलं. न बोलणारा, पण ध्यानात ठेवणारा. माझ्या जातीचा आहे हा.

तो फोन दे. नाही, लावून देऊ नकोस, मला येतं. त्याच्या फोटोवर बोट ठेवायचं, दाखवलंय त्याने. मी कधी लावत नाही एवढंच. रविवारी त्यांचा येतो. मधेच कशाला, कामात असतात. आणि एकदा विचारलं, 'येता का रे?', आणि पलीकडे नुसतं गप्प झालं, तर? तू तिकडे तोंड कर. ... वाजतंय.

कोण? चिमणी? बाबांचा फोन तुझ्याकडे कसा? — गाडी चालवतोय, बरं, राहू दे. नाही गं, काही झालं नाही मला. पडले नाही. दुसरंच कोणी पडलं. आजीने आपणहून फोन केला की ती पडलीच पाहिजे का? ऐक, फरशी ठरली. हौदाची गं, काठाची — हळू, कान फुटला माझा! — काय? परत सांग. 'आजीची फरशी झाली की त्याच आठवड्यात निघू' — असं बाबा म्हणतो? कधीपासून? ... दर रविवारी विचारतेस तू त्याला? मग मला का नाही गं... 'आजीला घाई करायची नाही, तिला निवांत निवडू दे.' असं म्हणतो? माझा मुलगा असं म्हणतो? — आणि त्याआधी नाही यायचं, ते का? ... उघडा खड्डा. बेडूक उडी मारेल. हो. हो गं, मारेल. मला हे सुचलंच नाही बघ, तुझ्या आजीला, एवढी शहाणी ती. ... म्हणजे तुम्ही माझ्यासाठी थांबला होतात? ... नाही, रडत नाहीये, इथे दगडाची धूळ उडतेय. किती सुट्टी राहिलीय? ... पुरे आहे. पुष्कळ आहे. सगळी इथेच काढायची. त्याला सांग, उशीवर बटाटाच आहे अजून, बदलला नाही. ठेव. ठेव आता, बाबाला नीट चालवू दे.

... ऐकलंस? मग तोंड तिकडे का केलंस, कान तर इकडेच होता. तर दगडवाल्या, अशी ही म्हातारीची गोष्ट, खड्ड्यात पडली, काठाला लागली. संपली. बूट घाल. उद्या उजाडताच गवंडी पाठव, दोन पाठव, आणि मालकाला सांग, म्हातारीला फरशी घ्यायचीच होती. कोपराला औषध लाव. गाद्या उन्हात टाकायच्यात, जाळी पुसायचीय, टॉवेल कुठे आहेत देव जाणे — अजून उभाच तू? काय, चहा? अजून एक कप? रोज मी बस बस म्हणायची तेव्हा घड्याळ बघायचास. नाही बाबा. ठेव तो कप तिथे, नीघ. आज मला वेळ नाही.