वजनकाट्याचं नवं सॉफ्टवेअर

आमच्या लाखांदूरच्या राइस मिलमधला वजनकाट्याचा कॉम्प्युटर सात वर्षं निमूट चालला, हाच त्याचा गुन्हा. पुण्याच्या इंजिनिअर साहेबानं नवं सॉफ्टवेअर पाठवलं. चालू केलं तं एरर आली का सॉफ्टवेअरले लागणारी कॉम्प्युटरमधली 'सी लायब्ररी' जुनी आहे. बाहेर धानाचे ट्रॅक्टर लाइनीत उभे. मी साहेबाले फोन लावला.

"आम्ही नव्या लिनक्स सिस्टिमवर बनवलंय. तुम्ही पूर्ण सिस्टिम बदला."

मिलमालक भाऊनं माह्या हातचा फोनच घेतला. "साहेब, धान सोलाचा रबर रोलर मशीनले बसला नाही तं आमी रोलर वापस करतो. तुमी तं मले मशीनच फेकाले सांगून राहिले!"

"पण माझ्या लॅपटॉपवर चालतंय."

"मंग ट्रॅक्टर तुमच्या लॅपटॉपवर चढवू का?"

अर्ध्या तासात जुन्या लिनक्सवर बनवलेलं सॉफ्टवेअर आलं. सोबत मेल होता: "तुमच्या सिस्टिममधला दोष आम्ही दूर केला आहे."