सव्वा मूठ गहू

माहेर माह्यं पाचोऱ्याकडचं, सासर बी तिकडंच, आनि आता म्हातारपनी इथं पिंप्राळ्यात लेकाच्या घरी पडले, पन तुम्ही मले नका विचारू, तुम्ही यायचं, माह्या मालकांचं, विचारायले आल्या, आबांचं. सारे विचारतात. जिता व्हता तवा त्याले कोनी पानी नही विचारलं, आता मेल्यावर सारे विचारतात. लिहा मंग.

लगीन झालं तवा मी सोळाची, हे मिलिटरीत. दोन महिने राहिले अन गेले. मंग पाकिस्तानशी लढाई पेटली आनि कागद यायचा बंद झाला. आषाढ गेला, कागद नही. शेजारच्या गावचा एक शिपाई सुट्टीवर आला, तो म्हने त्यांच्या टोळीतले लई गेले. नाव काही त्यानं घेतलं नही, पन आमच्या घरच्यांले तेवढं पुरलं. त्यात श्रावन लागला, आमची देवी, कानबाई, आली. आमच्यात कसं शे ताई, कानबाईच्या रोटाले भाऊबंदातले जितके पुरुष तितक्या मुठी गहू घेतात, एकेकाच्या नावानं सव्वा मूठ, कालच जल्मलेल्या पोराची बी घेतात. सगळे भाऊबंद बसलेले, माहे थोरले जेठ, यायचे मोठे भाऊ, नाना म्हनायचे त्यायले, ते सुपात मुठी टाकतात अन नावं घेतात. बठ्ठ्यांची, साऱ्यांची नावं झाली. यायचं नाव नही झालं. मी चुलीपाशी, डोक्यावर पदर, तोंडातून शब्द काढायची सोय नही. सासूनं हळूच विचारलं, अरे धाकल्याची? तर नाना म्हने, मरेलनी मूठ देवीले चालत नही, माय.

मेलेल्याची मूठ म्हने. संपलं. बाईचं कुकू तिच्या कपाळावर तसंच, अन देवीपुढं तिचा मानूस मेला. कोनाचा कागद नही, तार नही, नानाच्या मनात आलं म्हनून मेला. कानबाईले काय, ती बोलते थोडीच.

दुपारी जात्यावर मी अन जाऊ बसलो. जाऊ पान्याले उठली तशी मी कोठीतून गहू घेतले, एक मूठ भरून अन वर पाव, आनि जात्यात लोटले. पाप लागंल असं वाटत व्हतं. पन दळलं. त्या पिठाचे रोट साऱ्यांनी खाल्ले, नानानं बी खाल्ले, मिटक्या मारत.

कार्तिकात हे आले, एक पाय ओढत. गाव सारं वेशीवर. नाना सगळ्यात पुढं, गळ्यात पडून रडायले. मले त्या रडन्याची किळस आली, खरं सांगते. मी यायले सारं सांगितलं तर हे हसले. म्हने, जाऊ दे ना, त्यास्ले वाटनं व्हई, मी मेलो असं. पोरं व्हतील आपल्याले, त्यांच्या कानावर हे कधी घालू नको, भाऊबंद तुटंल. हातावर हात मारून वचन घेतलं. असा मानूस. बंदूक धरायची छाती व्हती, भावापुढं तोंड उघडायची नही.

मंग पेन्शन झाली, ब्यांकेच्या दारावर वाचमन राहिले, सायकलवर जायचे, त्या पायानं. पोरींच्या वेन्या स्वतः घालायचे, गाव हसायचं, हसो बापडं. माह्या बाळंतपनात भाकरी थापल्या, कळन्याच्या. मी तापानं पडले तर नऊ दिस उशाशी बसून राहिले. नानाच्या पोराले, ईलासले, आपल्या घरी ठेवून शिकवलं, डबा भरून द्यायचे. मी म्हनायची, कोनाचं पोर शे ते इसरले का? तर म्हने, पोरानं काय केलं?

पोरानं काय केलं ते आता पाहा. मागच्या साली पौषात हे गेले. ईलास आता पुढारी शे, सदा मागं चार पोरं. काय सांगू तुम्हाले, चौकात बॅनर लावला, त्यावर ईलासचा फोटो ताटाएवढा अन मेलेल्या मानसाचा वाटीएवढा. दुखवट्याले दारावर मानसं बसायले आली तर त्यानं माईक आनला. वीर म्हने, आधारवड म्हने. कोनत्या पायाले लागलं व्हतं ते इचारा त्याले, सांगता नही येनार. आजारपनात तीन वर्सात एकदा आला, ते बी निवडनुकीत.

त्या साली घरात दुःख, रोट झाले नहीत. यंदा झाले. ईलासच्याच घरी, नव्या बंगल्यात, मोबाईलवाला पोरगा उभा करून. मुठी टाकायचा मान आता त्याचा. बठ्ठ्यांची नावं झाली अन हा मोबाईलकडं पाहून म्हनतो, आबा गेले असं मी मानतच नही, आबांची मूठ कायम पडंल. अन भरली मूठ.

मी उठले. गुडघे धरलेले, तरी उठले, अन त्याचं मनगट धरलं. साठ वर्सांचं तोंडाशी आलं व्हतं, ताई. माहा लेक माह्याकडं पाहत व्हता, त्याची पोरं पाहत व्हती. एक शब्द बोलले असते तर त्या बंगल्यात भाऊबंद उरला नसता. पन वचन व्हतं. मी इतकंच म्हनले, ईलास, मरेलनी मूठ देवीले चालत नही. तुह्या बापानंच ठरवलं शे.

ते गहू त्यानं परत कोठीत टाकले. सारे म्हने, अक्का जुन्या रीतीची पक्की. कोनाले काही कळलं नही. मोबाईलमधून तेवढं काढून टाकलं म्हनतात.

तुम्हाले सांगितलं कारन यायनं पोरांले सांगू नको म्हनलं व्हतं, अन तुम्ही आमच्या भाऊबंदातल्या नही. ईलासची मूठ दरसाल पडो, शंभर वर्सं पडो, माह्या पोटात वाईट नही. माह्या मानसाची मूठ मी पाडली व्हती, तो जिता असताना.