लताचा गजरा

“आजी, गजऱ्यातला फोटो पाठवला तर लोकांना दया कशी येणार?” निखिल मला पुन्हा तेच पटवत होता. पिंपळे सौदागरच्या आमच्या सोसायटीतला हा आयटीवाला एका संस्थेसाठी व्हॉट्सॲपवर मदतीची आवाहनं पाठवतो. माझ्या ओळखीची लता चाकणच्या कंपनीत पॅकिंगला जाते. तिच्या मुलीच्या नर्सिंगच्या फीसाठी मदत हवी होती. फोटो काढणार म्हणून ती ठेवणीतली साडी नेसून, गजरा माळून आली, तर हा म्हणतो, साधी नेसून या आणि जरा रडवेलं बघा.

मुलीचं शिक्षण अडेल या भीतीनं लताचा हात गजऱ्याकडे गेलासुद्धा. मी तिचं मनगट धरलं.

“आजी, त्याशिवाय लोक देत नाहीत हो,” निखिल म्हणाला.

मी म्हटलं, “अरे, लोकांकडे मागतोयस तू, मग रडकं तोंड करून फोटो तुझाच टाक.”