मौनातला स्लॅम

…तर नवस बोलले होते मी, पार्लेश्वराला. ह्यांची बायपास सुखरूप होऊ दे, श्रावणातले सगळे सोमवार दिवे लागेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. — हसलीस ना? हसलीस म्हणजे रडणं थांबलं, तेवढं बरं झालं. हसायला सगळी सोसायटीच हसली होती गं, उत्तराकाकू आणि मौन म्हणून. दूधवाला तर ह्यांना विचारून गेला, काकू माहेरी गेल्यात का. बस, बस जरा. रिक्षा काय, मिळेल चारकोपला केव्हाही. दुपारचे डाव सुरू व्हायला वेळ आहे, आणि निहार आत एकटा बसलाय तर बसू दे थोडा. चार टेबलांना ऐकू जाईल असं बायकोला बोलला ना — ‘तू भातुकलीच खेळ’ — मग आता बघू दे समोरची रिकामी खुर्ची. आमचे हे असं कधी बोलले नाहीत गं मला. कधीच नाही.

ऐक तर. आपल्या ह्याच क्लबातली ब्रिजची जोड्यांची स्पर्धा, पंधरा ऑगस्टची, आणि त्या वर्षी पंधरा ऑगस्ट नेमका श्रावणी सोमवारी. हे म्हणाले, नाव काढून घेऊ या. मी कागदावर लिहून दिलं — बोली तर डबीतली कार्डं ठेवून लावायची असते, तिथे तोंड लागतंय कशाला? मोठी हुशारी केल्यासारखी निघाले मी, कपाळाला भस्म, पिशवीत साबुदाण्याची खिचडी. आणि खुर्चीत बसल्यावर डोक्यात प्रकाश पडला, की डाव खेळणाऱ्याला समोर जोडीदारानं उघडून मांडलेल्या पत्त्यांतलं, डमीतलं, पान तोंडानं मागावं लागतं. झाली का पंचाईत? मग खुणेनंच ठरलं, होता होईल तो डाव ह्यांनी खेळायचे, डमी मी व्हायचं. सकाळभर जमलं बाई. आणि जेवणानंतर माझ्या हातात आली इस्पिकची रांग — एक्का, राजा, राणी, गुलाम, वर आणखी दोन — देवानं पानात एवढं वाढल्यावर नको कसं म्हणायचं? ठेवलं मी सहा इस्पिकचं कार्ड. स्लॅम. तेरातले बारा हात करायचे, एकच द्यायचा. ह्यांचा चेहरा असा झाला, मला वाटलं पुन्हा छातीत दुखतंय की काय.

डावीकडच्या धवलनं किलवरची राणी टाकली. ह्यांनी पत्ते उघडले, तर त्यांत किलवरचा एक्का, आणि राजा माझ्याकडे. आता तुझी न् माझी खोड एकच गं — डमीत एक्का दिसला की डोक्याच्या आधी जीभ पळते. ‘एक्का.’ आणि तोंडातून गेलेलं पान म्हणजे खेळलेलं पान, परत घेता येत नाही. सकाळी तुझं तेच झालं ना? तेच झालं, मी शेजारच्या टेबलावरून बघत होते. माझीही जीभ टाळूला लागली होती — पण मौन. मग करणार काय? हात मांडीवर ठेवले आणि डावातले पक्के हात मोजायला लागले, पंगतीची पानं मोजावीत तसे. इस्पिकचे सहा, बदामचा एक्का सात, किलवरचे दोन्ही नऊ, चौकटचा एक्का, तो माझ्या हातात अगदी एकटा, दहा. दोन कमी. कुठे आहेत ते दोन? समोर, डमीत — चौकटचे राजा-राणी, नटूनथटून बसलेले. पण एक्का खेळला की माझ्याकडे चौकटच उरत नाही, मग त्यांच्या घरी जायचं कसं? दार एकच, किलवरचा एक्का. आणि ते दार मी पहिल्याच फटक्याला लावून टाकणार होते.

काय सांगू तुला, असं हसू फुटायला लागलं ना आतून, पदर तोंडात कोंबला. उठले, टेबलावर वाकले, डमीतली बारकी किलवर स्वतःच पुढे सरकवली. धवल म्हणतो, काकू, पान मागायचं असतं. पंचांना हाक गेली. ते म्हणाले, हातानं उचललेलंही चालतं. पहिला हात माझ्या राजानं घेतला. मग हुकूम, म्हणजे इस्पिक, सगळे काढून घेतले, कुणी मध्येच कापायला नको. मग चौकटचा एक्का, आणि मग धाकटी किलवर निघाली समोरच्या एक्क्याकडे, दार उघडं, आत राजा-राणी, त्या दोघांवर माझे दोन रडके बदाम टाकून दिले. उरला एक, तो दिला. बारा.

कुणाला सांगू नकोस हं — मोजत होते ना, तेव्हा मला देव आठवला नाही. ह्यांची बायपाससुद्धा नाही. एवढा वेळ कुणी मला, मीठ कुठंय, चष्मा कुठंय, काही विचारलं नाही, असं कधीपासून झालंच नव्हतं… नवस देवाचा आणि मजा सगळी माझी. वर्षभर पत्त्याला हात लावला नव्हता मी त्याआधी. का म्हणजे? ह्यांनी पत्ते आपटले होते. ‘घरी बसून वाती वळ’ म्हणाले होते, सगळ्यांदेखत. — हो, मघाशी कधीच नाही म्हटलं मी. म्हणते तसं, सवय आहे.

त्या दिवशी मात्र पत्ते गोळा करता करता हळूच म्हणाले, “उत्तरा, मी एक्का घेतला असता.” मला उत्तर देता येत नव्हतं. दिवे लागायला अवकाश होता. नुसती बघत बसले त्यांच्याकडे, आणि शर्मिष्ठा, इतकं गोड वाटलं ते उत्तर न देणं.

बेल झाली बघ. डोळे पूस. एक नवस माझ्यासारखा तूही बोल, आत्ता, इथेच — संध्याकाळपर्यंत मौन. निहारशीसुद्धा. तो सॉरी म्हणाला तरी नाही. कशासाठी बोलायचा ते तुझं तू देवाला सांग, मला नको. ऊठ, जा आत. — अं हं, काही बोलू नकोस.